एकशे दहा टक्के सुरक्षित

३ जानेवारी २०२१, रविवार. देशाचे औषध महानियंत्रक व्ही. जी. सोमानी यांनी कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिनला आपत्कालीन वापराची परवानगी जाहीर केली आणि पत्रकारांना सांगून टाकलं की या लसी एकशे दहा टक्के सुरक्षित आहेत. मी झेडपीच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवतो, शेकडेवारी हा माझा रोजचा धंदा, आणि शंभरात एकशे दहा बसवणारं पोरगं असेल तर त्याला मी फळ्यापाशी बोलावतो. गंमत म्हणून सोडून द्यावं असं ते वाक्य होतं, पण पुढची तीन-साडेतीन वर्षं गावात जे बघितलं त्यात ते सारखं आठवत राहिलं, आणि आता माझं पक्कं मत झालंय की व्हॉट्सॅपच्या अफवांनी लोकांचा भरवसा जेवढा घालवला त्याच्यापेक्षा जास्त या शंभराच्या वरच्या दहा टक्क्यांनी घालवला.

आधी हे सांगतो की मी लस घेतली, घरातल्या सगळ्यांना दिली, उद्या वेळ आली तर परत घेईन. त्यामुळे लसविरोधी मंडळींनी हा लेख फॉरवर्ड करायच्या आधी शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

कोविडात आम्हा मास्तर लोकांना काय काय ड्यूट्या लागल्या ते वेगळं लिहावं लागेल, सर्वे, चेकपोस्ट, रेशन दुकान सगळं झालं, नंतर लसीकरण सुरू झाल्यावर नोंदणीला बसवलं. दौंडकडचा उसाचा पट्टा आमचा. उपकेंद्रावर एक सिस्टर, एक आशाताई आणि मी, कोविनचं पोर्टल उघडून ओटीपीची वाट बघत. नेटवर्कला रेंज मिळाली तर ओटीपी यायचा आणि ओटीपी आला तर आज्जीचा मोबाईल नातवाकडं शेतात असायचा. कोविशिल्डच्या एका बाटलीत दहा डोस, बाटली एकदा फोडली की चार तासात संपवायची, त्यामुळे सिस्टर म्हणायच्या गुरुजी दहा माणसं जमल्याशिवाय मी फोडत नाही, वाया गेले तर मलाच उत्तर द्यावं लागतं. मग सात माणसं बाकावर बसून उरलेल्या तिघांची वाट बघायची आणि त्या वेळात जी चर्चा चालायची ती कुठल्याही टीव्ही चॅनेलपेक्षा भारी असायची.

काय काय बोलायचे लोक? टोचल्यावर पोरं होत नाहीत. दोन वर्षांनी माणूस आपोआप जातो. ताप येतो म्हणजे हे करोनाच टोचतायत. ही ठरलेली कॅसेट होती, तिच्यावर हसणं सोपं होतं आणि शहरातले लोक हसतही होते. पण बाकावर नीट कान देऊन बसलं की त्याच्या खाली दुसरंच काहीतरी असायचं. ऊसतोडीवर आलेला एक जण मला म्हणाला, गुरुजी दोन दिवस ताप येतो म्हणतेत सगळे, दोन दिवस कोयता बंद ठेवला तर मुकादम काय मला औषध पाठवणारे का, पैसे कापंल. ह्याला तुम्ही अंधश्रद्धा म्हणणार? त्याला लसीची काहीच शंका नव्हती, त्याला रोजगाराचा हिशोब कळत होता. आणि एक आज्जी, तिच्याकडं दोन नातवंडं सांभाळायला, सून वारलेली, ती म्हणाली मला काय झालं तर सरकार येतंय का ह्यांच्या भाकरी थापायला? आशाताईंनी तिला काय सांगितलं ते माझ्या लक्षात नाही, प्रश्न मात्र राहिला, त्याच्यावर शेवटी येतो.

आणि शंका फक्त आमच्या बाकावरच होती असंही नाही. १६ जानेवारी २०२१ ला मोहीम सुरू झाली त्याच दिवशी दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी लेखी कळवलं की आम्हाला कोव्हॅक्सिन नको, कोविशिल्ड द्या. का, तर कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष तेव्हा आलेच नव्हते, परवानगीच 'क्लिनिकल ट्रायल मोड'मध्ये होती, घेणाऱ्याला वेगळ्या संमतीपत्रावर सही करावी लागायची. एकीकडं सही घ्यायची की हे अजून चाचणीच्या स्वरूपात आहे आणि दुसरीकडं सांगायचं एकशे दहा टक्के. एमबीबीएस झालेल्या माणसाला हे जुळलं नाही तर चौथी नापास माणसाला का जुळावं? नंतर मार्चमध्ये निष्कर्ष आले, चांगलेच आले, पंतप्रधानांनी १ मार्चला एम्समध्ये तीच लस घेतली, पण दोन महिने उलटून गेले होते. ती दोन महिन्यांची घाई कशासाठी केली हे मला आजही कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

मग एप्रिल आला. दुसऱ्या लाटेत काय झालं ते प्रत्येकाला माहिती आहे, मी उगाळत नाही. एवढंच सांगतो की मार्चमध्ये ज्या बाकावर दहा माणसं जमत नव्हती तिथं मे महिन्यात पहाटे पाचला चपला ठेवून रांगेत नंबर लावायला लागले लोक, आणि लसच नाही. राज्याला तर मेमध्ये १८ ते ४४ वाल्यांचं लसीकरण थांबवून तो साठा ४५ च्या वरच्यांच्या दुसऱ्या डोसकडं वळवावा लागला. त्याच्या आधी थोडे दिवस एक भारी प्रकार झाला, कोविनवर स्लॉट कुठूनही घेता यायचा, त्यामुळे पुण्यातली आयटीतली पोरं बोटं चालवून आमच्या उपकेंद्राचे स्लॉट घ्यायची आणि सकाळी कार घेऊन हजर, गळ्यात ब्लूटूथ, हातात पाण्याची बाटली. गावातली माणसं बाजूला उभी राहून बघतायत. जे काल म्हणत होते टोचल्यावर माणूस मरतो तेच आता भांडायला लागले की आमच्या गावची लस यांना का. सरपंचांनी मधे पडून मिटवलं. मला तेव्हा वाटलं की 'लसीबद्दल भीती' असं जे आपण म्हणतो ते असं काही कायमचं चिकटलेलं नसतं, आजार दारात आला की माणूस हिशोब बदलतो, आणि लाट ओसरली की परत बदलतो. सप्टेंबर-ऑक्टोबरला परत बाक रिकामा, मग लसीकरण वाढवायला राज्याचं मिशन कवच कुंडल, मग नोव्हेंबरात केंद्राचं हर घर दस्तक, आम्ही परत दारोदार.

आता जरा मागं जातो, कारण हे सगळं आपल्याकडं आधी एकदा होऊन गेलंय आणि तेही मुंबई-पुण्यात.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला, ओळखला तो डॉ. अकॅसिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी. पुढच्या महिन्यात वाल्देमार हाफकिन मुंबईत आला. मूळचा ओडेसाचा ज्यू, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पटकीची लस बनवलेली, आणि ती आधी स्वतःला टोचून घेतलेला माणूस. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत त्यानं तीन महिन्यांच्या आसपास प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःलाच, तीही नेहमीपेक्षा मोठ्या डोसची. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेनं तयार झालेल्या कैद्यांना टोचलं. परळचं हाफकिन इन्स्टिट्यूट ते याच्याच नावाचं.

त्या वेळच्या अफवा वाचल्या तर आमचा बाक आठवतो. इस्पितळात नेलेल्या माणसाला उलटं टांगून त्याच्या अंगातलं तेल, मोमियाई, काढतात. व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला मुंबईत कुणीतरी डांबर फासलं होतं त्याचा सूड म्हणून राणीला माणसांची काळजं पाहिजेत. हसू येतं. पण त्याच वेळी सरकार काय करत होतं ते पण बघा. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला (हाच कायदा २०२० मध्ये आपल्यावर लावला, बरं का), आणि पुण्यात रँडच्या कमिटीनं गोऱ्या सोल्जरांना घरोघरी घुसवलं, देवघरात बूट, बायकामाणसांची तपासणी, सामान रस्त्यावर, माणूस उचलून छावणीत. जूनमध्ये चाफेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. म्हणजे ज्या हातानं घर उघडं पाडलं, तोच हात आता सुई घेऊन आलाय, असं लोकांना दिसत होतं. काळजं काढून नेतात ही अफवा खोटी होती, पण ती ज्या अनुभवावर उगवली तो अनुभव खोटा नव्हता.

आणि तरीही लोकांनी टोचून घेतलं हं. खोजा मुसलमानांचे धर्मगुरू आगाखान, त्यांनी आपल्या समाजाला धीर यावा म्हणून सगळ्यांसमोर स्वतःला टोचून घेतलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि हजारो खोजे पुढं आले. हुबळी तेव्हा मुंबई इलाख्यात होती, तिथं १८९८ मध्ये हजारोंनी टोचून घेतलं. त्या लसीनं सणकून ताप यायचा, हात सुजायचा, आणि ती काही पूर्ण बचाव करत नव्हती, धोका कमी करायची इतकंच. हाफकिननं आकडे ठेवले, टोचलेले इतके, न टोचलेले इतके, यातले मेले इतके. माझ्यासारख्याला हे फार आवडतं. माणसाला दोन रकाने दाखवा, तो स्वतः वजाबाकी करतो.

मग मुल्कोवाल झालं. हे नाव मराठीत फारसं कुणी लिहीत नाही म्हणून सविस्तर सांगतो. पंजाबातलं गाव, आता पाकिस्तानात आहे. ३० ऑक्टोबर १९०२ ला तिथं १०७ लोकांना प्लेगची लस टोचली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसच्या एकोणीस मेले. सगळेच्या सगळे एकाच बाटलीतून टोचलेले, ५३-एन नंबरची बाटली. पंजाब सरकारनं तेव्हा मोठी मोहीम काढली होती, ती बसली. चौकशी आयोग बसला आणि त्यानं बोट दाखवलं मुंबईच्या प्रयोगशाळेकडं, की हाफकिननं लस निर्जंतुक करताना कार्बोलिक ॲसिड टाकणं बंद करून नुसत्या उष्णतेवर भागवलं, त्यामुळे बाटली तिथंच दूषित झाली असणार. हाफकिन निलंबित. बाहेरचा, ज्यू, डॉक्टरकीची पदवीसुद्धा नसलेला, त्याच्या बाजूनं उभं राहणारं सरकारी खात्यात कोण होतं?

खरं काय होतं? बाटली उघडायच्या वेळी चिमटा खाली जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात हे आपण शाळेत शिकवतो. दूषण बाटली गावात उघडताना झालं, मुंबईत भरताना नाही, हे पुरावे बघून सांगणारे शास्त्रज्ञ होते, रोनाल्ड रॉस, मलेरियावाला, त्यानं १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये हे प्रकरण लावून धरलं आणि त्याच वर्षी हाफकिनवरचा ठपका पुसला गेला. पाच वर्षं. या पाच वर्षात प्लेगनं पंजाबात लाखो माणसं नेली. हाफकिन परत आला तो कलकत्त्याला, पण त्याला पहिल्यासारखं काम करू दिलं नाही, १९१४ ला निवृत्त होऊन निघून गेला.

मला या गोष्टीत लसीपेक्षा तो चिमटा महत्त्वाचा वाटतो. कारण लोकांच्या मनात जो प्रश्न असतो, 'ही लस चांगली का', तो दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधून आलेला असतो: बाटलीतलं औषध चांगलं का, आणि ते माझ्या दंडापर्यंत आणणारी माणसं धड का. पहिल्याचं उत्तर शास्त्रज्ञ देतात आणि दुसऱ्याचं कुणीच देत नाही. २०२१ चीच गोष्ट घ्या, ३१ जानेवारीला, म्हणजे कोविड लसीकरण सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते, यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात पोलिओच्या डोसाऐवजी १२ लहान पोरांच्या तोंडात सॅनिटायझर घातलं गेलं. पोरं वाचली. मे महिन्यात कांदिवलीच्या एका सोसायटीत लोकांनी पैसे भरून लस घेतली आणि नंतर कळलं की शिबिरच बोगस. यात लसीचा काय दोष? काहीच नाही. पण पेपर वाचणाऱ्या माणसानं हात आखडता घेतला तर त्याला अडाणी म्हणायचा अधिकार आपल्याला कुठून आला?

आता ती अर्ध्या तासाची गोष्ट. टोचल्यावर अर्धा तास बसवायचे, आठवतंय ना? आमच्याकडं दहा मिनिटात लोक उठायचे, एसटी चुकतीय म्हणून, धारा काढायच्यात म्हणून, आणि ते सरकारी सोपस्कार समजायचे, सातबाऱ्याला शिक्का लागतो तसा. तो अर्धा तास का, तर लाखोंमध्ये एखाद्याला लगेच तीव्र ॲलर्जी येऊ शकते, ॲनाफिलॅक्सिस, आणि ती बहुतेक वेळा त्या अर्ध्या तासातच दिसते, तिथं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन असेल तर माणूस वाचतो. हे पोस्टरवर कुठंच नव्हतं. कारण हे लिहायचं तर 'होऊ शकतं' असं लिहावं लागतं, आणि एकशे दहा टक्क्यात 'होऊ शकतं' बसत नाही. जून २०२१ मध्ये लसीनंतरच्या त्रासाची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय एईएफआय समितीचा अहवाल बाहेर आला त्यात लसीमुळे झालेला पहिला मृत्यू मान्य केला होता, ६८ वर्षांचे गृहस्थ, ८ मार्चला लस घेतली, ॲनाफिलॅक्सिस. आमच्या सिस्टरनी त्यानंतर स्वतःच्या डोक्यानं एक केलं, बाकावर बसलेल्यांना सरळ सांगायला लागल्या की बाबांनो लाखात एखाद्याला घसा आवळल्यासारखं होतं, ते आत्ता झालं तर माझ्याकडं सुई आहे, वाटेत झालं तर नाही, आता उठायचं तर उठा. एकही जण उठला नाही. लस घ्यायचंही कुणी थांबलं नाही. खरं ऐकून लोक पळून जातील ही भीती वरच्या लोकांची होती, बाकावरच्या लोकांची नव्हती.

सक्तीनं काय साधलं तेही बघितलंच. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलला दोन डोस झालेल्यांनाच मुभा, नोव्हेंबरात औरंगाबाद जिल्ह्यात लस नाही तर रेशन नाही, पेट्रोल नाही, गॅस नाही. आकडे वाढले, मान्य. पण आमच्याकडं त्या काळात जे टोचायला यायचे त्यांचा पहिला प्रश्न असायचा सर्टिफिकेट लगेच मिळतंय ना. दुसरा डोस घ्यायला त्यातले कितीतरी फिरकलेच नाहीत.

मग एप्रिल २०२४ संपता संपता बातमी आली की ॲस्ट्राझेनेकानं ब्रिटनच्या कोर्टात मान्य केलं, अगदी क्वचित टीटीएस, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या आणि प्लेटलेट कमी होणं, हे या लसीनं होऊ शकतं. कोविशिल्ड म्हणजे तीच लस, पुण्यात सीरममध्ये बनलेली. दोन दिवस फोन थांबेना. गुरुजी तुम्हीच बसला होता ना मशीनवर? आता आमचं काय? कुणाचा मेहुणा जिममध्ये वारला, कुणाचा पुतण्या लग्नात नाचताना पडला, सगळं लसीच्या खात्यात.

यातली खरी चीड आणणारी गोष्ट ही की ही बातमी नवीन नव्हतीच. मार्च २०२१ मध्ये युरोपातल्या बऱ्याच देशांनी याच गुठळ्यांवरून ही लस थांबवली होती, ७ एप्रिलला युरोपच्या औषध संस्थेनं या गुठळ्या दुर्मिळ दुष्परिणामांच्या यादीत टाकल्या, आणि आपल्या आरोग्य मंत्रालयानं स्वतः १७ मे २०२१ ला सांगितलं होतं की गुठळ्यांच्या संशयाच्या २६ केसेस सापडल्या, दर दहा लाख डोसमागे ०.६१. म्हणजे सोळा-सतरा लाखांत एक. आपल्याकडं नोंदच कमी होते असं धरा आणि मंत्रालयानंच तेव्हा दिलेला ब्रिटनचा आकडा घ्या, दहा लाखांत चार. आणि गुठळी व्हायची तर लस घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यात, तीन वर्षांनी नाही. एवढं साधं गणित तेव्हाच बाकावर सांगितलं असतं, डोकं फार दुखलं, पोटात कळ आली, पाय सुजला तर दाखवायला या एवढं चिठ्ठीवर लिहून दिलं असतं, तर २०२४ ला ती बातमी म्हणजे गौप्यस्फोट वाटली नसती. लपवलं नव्हतं, पण सांगितलंही नव्हतं, पीआयबीच्या, म्हणजे केंद्राच्या प्रसिद्धी खात्याच्या पत्रकात होतं आणि आमच्या बाकावर नव्हतं, आणि आमच्या गावाच्या दृष्टीनं त्याला लपवणंच म्हणतात.

अचानक मृत्यूंचं म्हणाल तर आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं देशभरातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या लोकांचा अभ्यास केला, त्यात लसीनं धोका वाढलेला दिसला नाही, उलट कोविडनं ॲडमिट व्हावं लागलेल्यांना, घराण्यात असे मृत्यू झालेल्यांना, आदल्या दोन दिवसात ढोसून दारू पिलेल्यांना, अचानक जबर व्यायाम केलेल्यांना धोका जास्त. मी हे मेहुणा गेलेल्या माणसाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, हे पण तेच सरकार सांगतंय ना गुरुजी. मी काय बोलणार.

आता त्या आज्जीचा प्रश्न. सुप्रीम कोर्टानं २ मे २०२२ ला निकाल दिला की कुणाला जबरदस्तीनं लस टोचता येणार नाही आणि दुष्परिणामांची माहिती लोकांना बघता येईल अशी ठेवा. चांगलं झालं. पण ज्याला खरंच झालं त्याचं काय? ब्रिटनमध्ये लसीमुळे गंभीर अपंगत्व आलं किंवा माणूस गेला हे मान्य झालं तर १ लाख २० हजार पौंड देतात, पुरेसे नाहीत म्हणून तिथं ओरड आहे, पण कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही. आपल्याकडं लस घेतल्यानंतर वारलेल्या दोन मुलींच्या आईबापांनी सुप्रीम कोर्टात दाद मागितली तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रानं लिहून दिलं की सरकारवर भरपाईची जबाबदारी टाकता येणार नाही, ज्यांना वाटतं त्यांनी दिवाणी कोर्टात जावं. आमच्याकडं बांधाच्या केसेस आज्यानं घातलेल्या नातू चालवतोय, आणि या आज्जीचा थोरला नातू अजून माझ्याच वर्गात आहे, सातवीत.